रेड्याचं काळीज

नवरा मिंगेल वारल्यावर कार्मेलिनाने त्याची ऐसपैस सेडान पुतण्याला, ॲल्स्टनला दिली. त्या दीडशहाण्याने तिचं इंजिन काढून आपल्या चिमुकल्या स्पोर्ट्स कारमध्ये कोंबलं. रेड्याचं काळीज बोकडाला! बॉनेट मिटेना, म्हणून ते सुंभाने आवळलेलं.

आरोंद्याच्या चर्चमध्ये रविवारची मिसा, म्हणजे प्रार्थना, संपल्यावर पाद्रींनी गाडीवर पवित्र पाणी शिंपडलं. लोकांना जोर दाखवायला ॲल्स्टनने ॲक्सिलरेटर दाबला आणि ते पाणी वाळायच्या आत गाडी कुंपण मोडून पाद्रींच्या केळीत घुसली.

"ब्रेक खंय गेले?" कार्मेलिनाने विचारलं.

"ह्याच गाडीचे जुने आसत, आंटी," तो तोंडावरचा चिखल पुसत म्हणाला. "आता सेडानचे काढून घालतंय."

"घाल. आणि जमलाच तर कोणाची तरी अक्कल काढून डोक्यात बसय!"