मनालीतला लिंबू सोडा

मोडनिंबच्या सयाजीरावांनी उभ्या आयुष्यात दारूचा थेंब जिभेला लावला नव्हता, आणि ही गोष्ट त्यांनी कुणाला विसरूही दिली नव्हती. खत-बियाण्यांच्या दुकानात बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडाचा वास घ्यायचे. कुणाला शिंक आली तरी म्हणायचे, काल जास्त झाली वाटतं. लग्नाची पंगत असो, मयत असो, ग्रामसभा असो, ऐकायला चार माणसं सापडली की ह्यांचं दारूवरचं प्रवचन सुरू. न पिणं चांगलंच हो, पण न पिण्याची एवढी नशा चढलेला माणूस पंचक्रोशीत दुसरा नव्हता.

तर अशा माणसाच्या पोरीला, ऋतुजाला, सोलापूरचं स्थळ आलं. पोरगा पृथ्वीराज, चिंचोळीच्या एमआयडीसीत सुपरवायझर, शहरात घरचं घर, वडील वारलेले, आई वच्छलाबाई गरीब स्वभावाची. आलेलं प्रत्येक स्थळ ऋतुजानं आजवर मोडून काढलं होतं. ह्या वेळी मात्र पोराशी थोडा वेळ बोलून आत आली आणि म्हणाली, आप्पा, हाच. घर सुटकेचा निःश्वास टाकतंय न टाकतंय, तोवर दुकानात खत न्यायला आलेल्या कुणीतरी पुडी सोडली, की हा पोरगा 'मनाली'च्या दारात दिसतो म्हणे.

मनाली म्हणजे सोलापुरातल्या एका बोळातली परमिट रूम. आता सरळ माणसानं काय केलं असतं? पोराला विचारलं असतं, नाहीतर मध्यस्थाला. पण सयाजीराव पडले उंटावरचे शहाणे. मुळाशी जाऊन बघितलं पाहिजे, असं म्हणत त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट चढवला आणि एसटी धरली.

नाव मनाली आणि आत सोलापूरचा मे महिना. दोन दुकानांच्या मध्ये उरलेल्या फटीवर कुणीतरी छप्पर टाकावं, तेवढीशी जागा. टेबलं अशी चिकटून, की एकानं पाय लांबवला तर दुसऱ्याला उठावं लागे. कोपऱ्यात कूलर घरघरत होता, गणपतीच्या तसबिरीला ताजा हार होता. तो हार बघूनच सयाजीरावांचं डोकं फिरलं. ह्यांना देव तरी कशाला पाहिजे, असं ते पुटपुटले.

आत एक शिंपी बसला होता, गळ्यातली टेप तशीच. एक बँकेतला शिपाई होता. आणि गिरणी बंद पडल्यापासून एकाच खुर्चीत बसणारा बिरप्पा नावाचा म्हातारा होता. पाहुणा दिसताच बिरप्पा उठला आणि कूलरसमोरची ती खुर्ची त्यानं ह्यांना दिली. शिंप्यानं शेंगाचटणीची बशी पुढं सरकवली. ह्यांनी काय करावं? खुर्ची रुमालानं पुसली, आणि मग तो रुमाल खिशात कसा ठेवावा ह्या पेचात पडले. लिंबू सोडा मागवला. खरं सांगायचं तर चटणी झकास होती. त्यांनी ती पुन्हा पुन्हा घेतली आणि दर वेळी तोंड वाकडं केलं.

मालक गुरुशांत गल्ल्यावर बसला होता, चष्म्यावरून बघणारा, शांत. सयाजीरावांनी आवाजात साखर घोळली आणि विचारलं, पृथ्वीराज नावाचा पोरगा इथं येतो का, आला तर किती घेतो.

"पाव्हणं, हितं कोण बसतं, काय घेतं, ते आमी सांगत न्हाय," गुरुशांत म्हणाला. "उद्या कुणी तुमचं इचारलं, तरी न्हाय."

सयाजीरावांनी मग सगळ्यांना एकेक क्वार्टर पाजायची तयारी दाखवली. दारूचा एवढा तिटकारा असलेला माणूस, पण चौकशीसाठी दारू पाजायला तयार! शिंप्यानं आपला ग्लास टेबलावर पालथा घातला. बिरप्पा छताकडं बघत बसला. तेव्हा सयाजीराव उठले आणि त्यांनी गावचं प्रवचन तिथंच सुरू केलं. सगळे एका माळेचे मणी, घराला लागलेली कीड, वगैरे वगैरे. शेवटी म्हणाले, पोरगा पीत नसता तर न्हाय म्हणायला तुमच्या जिभेला काय झालं होतं? तुमची तोंडं बंद, म्हणजे मला उत्तर मिळालं. एवढं बोलून ते बाहेर पडले.

बोळात स्कूटरवर एक जण थांबला होता आणि टक लावून ह्यांच्याकडं बघत होता. सयाजीरावांनी घाईघाईनं तोंडावर रुमाल धरला आणि खाली मान घालून सटकले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

घरी येऊन त्यांनी निकाल सांगितला: पोरगा पितो, स्थळ रद्द. ऋतुजानं एकच विचारलं. "आप्पा, पितो असं कुणी म्हणालं का?"

"पीत न्हाय असं तरी कोण म्हणालं?"

ती उठून आत गेली आणि जेवायला आली नाही. पोरीचं तोंड बघून बापाला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण आपण बरोबर निघालो ह्याचं समाधान त्याहून मोठं होतं.

सकाळी नकार कळवायला फोन हातात घेतात, तोवर वच्छलाबाईंचाच फोन आला. स्कूटरवरचा माणूस त्यांचा भाऊ दीपक होता, आणि त्यानं ह्यांना मनालीतून बाहेर पडताना ओळखलं होतं. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "सयाजीराव, माझं निम्मं आयुष्य दारूनं खाल्लं. आता व्याहीबी तसलाच नको."

मी लिंबू सोडा घेतला हो, एवढंच सयाजीराव कसंबसं बोलले. त्यावर बाई म्हणाल्या, आमचे हे पण रोज लिंबू सोडाच घेऊन घरी यायचे. दीपकनं मालकाला विचारून बघितलं होतं, आणि मालकानं सांगत न्हाय म्हणून हात वर केले होते. तुमी पीत नसता, तर न्हाय म्हणायला त्याच्या जिभेला काय झालं होतं, असं त्यांनी विचारलं आणि फोन ठेवला.

दुपारपर्यंत ही बातमी मोडनिंबला आली. खत न्यायला आलेली माणसं दुकानाच्या काउंटरवर जरा जास्तच वाकू लागली. सयाजीरावांना शिंक आली, तर एक जण म्हणाला, काल जास्त झाली वाटतं. ताडाच्या झाडाखाली बसून दूध प्यायलं तरी लोक ताडीच म्हणणार, हे त्यांनीच आयुष्यभर गावाला शिकवलं होतं. हसणाऱ्यांचं एक वेळ सोसलं असतं. पण दारुड्याची पोरगी म्हणून ऋतुजाचं हे स्थळ गेलं, तर पुढचं कुठून यायचं? ह्या विचारानं त्यांचा जीव खरंच कासावीस झाला.

ते पुन्हा मनालीत गेले. ह्या वेळी खुर्ची पुसली नाही. गुरुशांतपुढं हात जोडून म्हणाले, एक फोन करा, सोडा होता एवढंच सांगा, माझ्या पोरीचं लग्न मोडतंय.

गुरुशांतनं हातातला ग्लास पुसून खाली ठेवला. "त्या दिवशी मी गप बसलो, तवा तुमी काय समजला?"

सयाजीराव जमिनीकडं बघत म्हणाले, "पितो, असं."

"मग त्यांनीबी तेच समजलं. तुमच्यासाठी तोंड उघडलं, तर उद्या ह्या समद्यांच्या बायका, सासरे, साहेब माज्या दारात. ह्यांनी मग कुटं बसायचं?"

सयाजीरावांचे डोळे भरून आले. बिरप्पा उठला आणि त्यानं आपली खुर्ची पुन्हा त्यांना दिली. ज्यांना कीड म्हटलं, त्यांच्यातच बसून रडायची वेळ आली होती. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. ऋतुजा होती.

तिनं सांगितलं, की पृथ्वीराजचा फोन आला होता. त्याच्या घरात सगळे आप्पांना नावं ठेवत होते. तो एकटा म्हणाला, पिताना कुणी बघितलं का? बघितलं नसेल तर त्या माणसाला नावं ठेवू नका. मालक सगळ्यांनाच तेच सांगतो. आईनं शेवटी ऐकलं. लग्न ठरलं.

सयाजीरावांना हायसं वाटलं. ते देवाचं नाव घेणार, तोच ती म्हणाली, "आप्पा, त्यालाही तुमच्याबद्दल कुणी काहीच सांगितलं नव्हतं."

फोन बंद झाल्यावर त्यांनी रुमालानं डोळे पुसले. कुणी काही विचारलं नाही.

साखरपुडा झोकात झाला. गुरुशांत आणि बिरप्पा पंगतीत शेवटी बसले होते आणि सयाजीरावांना जन्मात कधी बघितलं नसल्यासारखे जेवत होते. पोरगा मनालीच्या दारात कशाला दिसायचा, हे सयाजीरावांना अजून ठाऊक नव्हतं, आणि विचारायला आता तोंड राहिलं नव्हतं. बार्शीचे एक दूरचे पाव्हणे जिलेबी घेता घेता त्यांच्या कानाशी लागले आणि हळूच म्हणाले, जावई घेतो-बितो का हो?

सयाजीरावांनी पंगतीच्या टोकाला एकदा बघितलं.

"कोण काय घेतं, ते मी सांगत न्हाय," ते म्हणाले.

"म्हंजे घेतो," पाव्हणे म्हणाले, आणि समाधानानं जिलेबीकडं वळले.