मागे ठेवलेल्या तीन कॅप्सूल

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि एक बेकरी समोर आणा. भिंतीत भट्टी, तिच्यापुढे लांब लाकडी टेबल, आणि टेबलाच्या टोकाशी स्टुलावर उभी सात वर्षांची पुतणी. काका पीठ मळायचा, ती त्यावर ओलं फडकं झाकायची. रोज सगळं पीठ संपायच्या आत काका मूठभर पीठ वाटीत काढून ठेवायचा.

"हे मागे ठेवलं नाही, तर उद्याचं पीठ फुगणार कशानं?"

काकाला नऊ वर्षं मूल नव्हतं. दोष त्याच्यातच निघाला. जांघेजवळच्या शिरा फुगल्या होत्या, त्यामुळे बाप व्हायला लागणारे शुक्रजंतू पुरेसे तयार होत नव्हते. ऑपरेशन झालं. जोडीला तीन महिने अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल.

"पेशींवर जणू गंज चढतो, तो या थोपवतात," डॉक्टर म्हणाले. "काहींना फायदा होतो. खात्री मात्र मी देणार नाही."

काकाने फायद्याचं तेवढं गाठीला बांधलं. बाकीचं तिथेच सोडून आला.

रोज दुपारी कॅप्सूल द्यायचं काम पुतणीने स्वतःकडे घेतलं.

"आ कर!"

"अगं आजीबाई, हात तरी धुऊ दे."

"आधी औषध! तुझ्यापायी माझं भावंड अडून बसलंय."

काकू हसायची. तिने बाळ मावेल एवढी पावाची एक नवी टोपली फळीवर कोरीच ठेवली होती. कशासाठी, ते कुणी विचारत नसे.

तीन महिन्यांनी तपासणीचा कागद आला. शुक्रजंतूंचा आकडा होता तिथेच. काका टेबलाशी बसून राहिला. पाव करपल्याचा वास आला, तरी उठला नाही.

"पुन्हा तपासून घेऊ या ना," काकू म्हणाली.

"किती वेळा? डॉक्टरच म्हणाले, आता फार आशा धरू नका."

काकूने नवी टोपली खाली काढली आणि तिच्यात सकाळचे उरलेले पाव भरले.

ते बघून पुतणीला रडू फुटलं. तिने फ्रॉकच्या खिशातून एक डबी काढली. आत तीन कॅप्सूल होत्या.

"दर महिन्याच्या बाटलीतली एक मी मागे ठेवली. उद्यासाठी. तूच सांगतोस ना तसं? माझ्यामुळे झालं ना हे?"

"नाही गं राणी. सगळ्या घेतल्या असत्या, तरी कागद हाच आला असता."

"मग आता?"

पीठ का फुगतं ते तिला शंभरदा समजावणाऱ्या काकाने भिंतीकडे तोंड केलं. त्याचे खांदे हलत होते.

पुतणी स्टुलावर चढली. वाटीतलं मूठभर पीठ घेतलं, तिन्ही कॅप्सूल उघडून त्यात नीट मळल्या, पीठ पुन्हा वाटीत ठेवलं, फडकं ओलं करून वर झाकलं आणि ते जराही न उचलता पीठ फुगायची वाट बघत वाटीजवळ बसून राहिली.