तारीख धुऊन गेलेला पट्टा

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. कमरेचा नव्हे, शर्यतीच्या गाडीत चालवणाऱ्याला सीटशी जखडून ठेवणारा. आज मी मधोमध कापलेला आहे, पण माझा जन्म तुम्ही पाहायला हवा होता! कारखान्यात ताकद जोखायला माझ्यावर दोन हत्ती टांगले होते. मी तर तुटलो नाहीच, उलट हत्तींनाच झोका इतका आवडला की ते उतरेनात. मग माझ्या टोकाला कापडाची चिठ्ठी शिवली आणि तिच्यावर माझी जन्मतारीख छापली. उन्हाने, घामाने आमचे धागे आतून विरतात, म्हणून काही वर्षांनी पट्टा बदलायचा असतो. नियम चांगला आहे. त्याला मी नावं ठेवणार नाही.

मला आणलं एका वेल्डरने. दिवसभर लोकांची फाटकं जोडायची आणि संध्याकाळी गॅरेजात स्वतःची गाडी उघडून बसायचं, हा त्याचा छंद. त्याची थोरली बहीण, ताई, ही त्याची मेकॅनिक. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे आणि एकमेकांशी पटतही नसे. शर्यत व्हायची एका जुन्या धावपट्टीवर, जिथे विमानं उतरेनाशी झाली होती. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या आणि हिरवा दिवा लागला की नाकासमोर सुटायचं. तुम्ही शिंकलात तर शर्यत हुकलीच! त्या एवढ्याशा सुखासाठी ही भावंडं वर्षभर ग्रीसमध्ये लोळायची.

गाड्यांची तपासणी मामा करत. सगळेच त्यांना मामा म्हणत. पण वेल्डरचे ते खरेखुरे, आईचे सख्खे भाऊ. पूर्वी तिथे तोंड पाहून शिक्षा व्हायची. ओळखीच्याला चहा, परक्याला घरचा रस्ता. मामांनी ते मोडून काढलं. सुरक्षेचा कुठलाही दोष सापडला की अख्खा हंगाम बाहेर. लहान दोष, मोठा दोष, असं काही नाही. सगळ्यांना एकच माप! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला हात असते तर मीही वाजवल्या असत्या.

आणि मग आईने मला धुतलं.

आई शर्यतीला कधी जात नसे. तिला भीती वाटे, आणि भीती वाटली की ती घरातलं काही ना काही घासत सुटे. एका सकाळी तिने मला गाडीतून सोडवून बादलीत बुचकळलं आणि साबण लावून खसाखसा घासलं. मी उजळलो. चिठ्ठीही उजळली, इतकी, की तिच्यावर एक अक्षर उरलं नाही.

"तारीख कुठाय?" तपासणीत मामांनी विचारलं.

"आईने धुतला हो," वेल्डर म्हणाला. "मागच्या शर्यतीत तुम्हीच वाचली होतीत ना!"

"वाचली होती. आज वाचता येत नाही."

"मग आजच्यापुरतं बाहेर ठेवा. पुढच्या वेळी दुसरा पट्टा लावून येतो."

मामांनी टॉर्च विझवला. "आज भाच्याला सोडलं तर उद्या लोक माझ्या तोंडात शेण घालतील. हंगाम बाहेर."

त्याच दिवशी आणखी एकाला तीच शिक्षा झाली. त्याच्या गाडीतून पेट्रोल गळत होतं आणि त्याने ते चिंधी बांधून लपवलं होतं. कुंपणाशी बसून तो वेल्डरला म्हणाला, "मी अख्खं मैदान पेटवणार होतो, आणि तुझ्या आईने साबण लावला. आपण दोघे सारखेच गुन्हेगार, दादा!" दोघे पोट धरून हसले. वेल्डरचं हसू आधी थांबलं.

त्या हंगामात गाडी ताडपत्रीखाली राहिली. मला कारखान्यात धाडून, पुन्हा ताणून पाहून, नवी चिठ्ठी लावली गेली. आई त्यानंतर माझ्याजवळून जाताना हात पदराखाली घ्यायची, चुकून लागेल म्हणून.

पुढचा हंगाम आला. पहिल्याच शर्यतीत तपासणी नीट पार पडली आणि गाडी रांगेत लागली. ताई सवयीने चाकांचे नट पुन्हा आवळत होती. मागच्या चाकाचा एक नट बोल्टच्या तुटक्या टोकासकट तिच्या हातात आला.

"मामांना सांगू या," ती म्हणाली. "बोल्ट बदलायला असा किती वेळ लागतोय!"

"सांगितलं की हंगाम गेला."

"अरे, पण हे चाक आहे!"

"त्यांना चाक काय नि चिठ्ठी काय, एकच," वेल्डर म्हणाला. "मग सांगायचं कशाला? बाकीचे बोल्ट आहेत की."

ताईने तो तुकडा खिशात टाकला. मी सगळं ऐकत होतो. एरवी माझी बडबड कुणी थांबवू शकत नाही, पण ओरडायच्या वेळी मला तोंड नव्हतं.

मित्रांनो, हत्तींच्या गोष्टीत मी मीठमिरची लावली होती. इथून पुढे लावत नाही.

हिरवा दिवा लागला. अर्ध्या वाटेवर चाक निखळलं. गाडी आडवी झाली आणि कडेच्या सिमेंटच्या भिंतीत घुसली. मी त्याला धरून ठेवलं. माझा एकही धागा सुटला नाही. पण मी माणसाला सीटशी धरू शकतो, भिंतीला बाहेर थोपवू शकत नाही. भिंत आत आली, त्याच्या पायांवर. मदतीला आलेल्यांनी मला सुरीने कापलं आणि त्याला बाहेर काढलं. तो जगला. पुन्हा चालला नाही.

काही आठवड्यांनी मामा घरी आले. वेल्डर खिडकीशी पलंगावर होता. ताई दाराशी उभी होती. ती भावाच्या नजरेला नजर देत नसे. मामा कळवळून म्हणाले, "मला एका शब्दाने सांगायचंस रे!"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंत, मामा?"

मामा जन्मात खोटं बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले असते तर बरं झालं असतं. "हंगामाबाहेर काढलं असतं," ते म्हणाले.

आई स्वयंपाकघरात भांडं घासत होती. तिचा हात थांबला.

मामा तसेच शर्यती भरवणाऱ्या मंडळाकडे गेले. आपणहून दोष सांगेल त्याला तो दुरुस्त करून धावू द्या. जसा दोष तशी शिक्षा ठेवा. लपवेल त्याला मात्र सोडू नका, असं त्यांनी मांडलं. मंडळी म्हणाली, "मामा, आता भाच्यावर बेतलं म्हणून नियम बदलायचा? लोक काय म्हणतील?" हे उत्तर मामांनीच त्यांना वर्षानुवर्षं पढवलं होतं. नियम आहे तसा आहे.

मला गॅरेजातून कुणी फेकलेलं नाही, कुणी हातही लावत नाही. मित्रांनो, उद्या तुम्ही कुणाचे मामा व्हाल, मास्तर व्हाल, पंच व्हाल. माझ्यासारख्यांची काळजी घ्या, आमच्या तारखा जरूर वाचा. पण चूक सांगायला कुणी दाराशी आला, तर ती केवढी आहे हे आधी बघा. साबणाला आणि तुटल्या बोल्टला एकच शिक्षा दिलीत, तर तो दारातूनच मागे फिरेल. आणि गाडीत जाऊन बसेल.