घड्याळवाल्याच्या डब्यातल्या गोळ्या

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. माझ्या पोटात लहान लहान खण आहेत. ज्याने मला घडवले त्याचा चेहरा आठवत नाही, त्याच्या कात्रीचा आवाज तेवढा कानात आहे.

मी एका घड्याळवाल्याकडे कामाला लागलो. एका खणात स्क्रू, दुसऱ्यात चाके, तिसऱ्यात काटे. डोळ्याला भिंग लावलेला मालक न बघता हात घाली आणि हवे तेच उचली. "हा डबा म्हणजे माझा उजवा हात," असे तो गिऱ्हाइकांना सांगे. पुढे लोक मोबाइलवरच वेळ बघू लागले. दुकान बसले. मी माळ्यावर जाऊन पडलो आणि गंजाने मला कडेकडेने खाल्ले.

मग मालकाचा तरणाताठा मुलगा तापाने गेला. मालकीणबाईंनी अंथरूण धरले. केस विंचरीनात, जेवीनात, कोणी हाक मारली तर भिंतीकडे तोंड करीत. शेवटी त्यांच्या मुलीने त्यांना दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाईंनी उदासीच्या आजारावर रोज एक गोळी लिहून दिली आणि बजावले, "गुण यायला काही आठवडे लागतील. सुरुवातीला यांना एकटं सोडू नका. जीव नकोसा झालाय म्हणाल्या, तर तडक इकडे या. आणि बरं वाटलं म्हणून गोळी मनाने बंद करायची नाही."

मला खाली काढून घासले. मालकाने सगळ्या गोळ्या पाकिटांतून सोलून माझ्या खणांत भरल्या आणि पाकिटे फेकून दिली. सुटे भाग असेच ठेवायची त्याच्या हाताला सवय.

हळूहळू बाई उठू लागल्या. एके सकाळी त्यांनी नवऱ्याला झापले, "अहो, हा सदरा आहे की पोतेरं?" मुलगी तोंड दाबून हसली. मला वाटले, जन्माचे सार्थक झाले.

तेव्हाच मालकाने माझे झाकण घट्ट बसवले. "अगं, चालत्या घड्याळात उगाच तेल ओतत नाहीत, यंत्र चिकटतं. आता बास झाल्या गोळ्या."

"पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या..."

"जन्मभर बंद पडलेली यंत्रं चालू केलीत मी. मला शिकवतेस?"

त्या दिवसापासून गोळी बंद झाली. मुलीला कोणी सांगितलेच नाही.

थोड्याच दिवसांत बाईंना गरगरू लागले. डोक्यात वीज चमकल्यासारखे होई. झोप उडाली. मग जुनी उदासी परत आली, आणि या खेपेला ती अधिक काळी होती. मालक घाबरला, पण डॉक्टरीणबाईंसमोर जायची त्याला लाज वाटली. चुकलेल्या दिवसांच्या सगळ्या गोळ्या त्याने माझ्यातून काढल्या आणि बायकोला एकदम गिळायला लावल्या. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो.

मुलगी कामावरून आली तेव्हा बाई घामाने निथळत होत्या. अंग थडथड उडत होते. पोटच्या लेकीला त्या ओळखीनात.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारले, "गोळी कोणती? पाकीट दाखवा."

मुलीने मला पुढे केले. माझ्यात नुसते पांढरे ठिपके! नाव नाही, गाव नाही. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात विचारणा होऊन उत्तर येईपर्यंत बाईंचा जीव टांगणीला लागला.

त्या वाचल्या. पण घरी आल्या त्या पार खचून. आता उपचार पुन्हा पहिल्यापासून सुरू आहेत. गोळ्या पाकिटासकट कुलपात असतात आणि मुलगी आपल्या हाताने देते. मालक उशाशी बसून म्हणतो, "चुकलं गं माझं." बाई एकदाच बोलल्या, "मला विचारायचं तरी होतंत." त्यानंतर भिंतीकडे वळल्या, त्या अजून तशाच आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी अशी गोळी घेत असेल, तर ती मनाने बंद करू देऊ नका. एखादी चुकली तर तिच्या भरपाईला दुसरी घेऊ देऊ नका. ज्याने लिहून दिली त्यालाच विचारा, लाज गिळून विचारा. पाकीट टाकू नका, त्यावर गोळीचे नाव असते. आणि माझ्यासारखा डबा कुठे दिसला, तर त्यात सुया ठेवा, बटणे ठेवा. नाहीतर रिकामाच राहू द्या.