डब्याच्या झाकणाची कात

बंद पडलेल्या त्या फर्निचरच्या दुकानात इतकी गर्दी होती, की दुकान चालू असताना ती झाली असती तर ते बंदच पडलं नसतं. समोर उंच खुर्चीवर कातबाबा. साप कात टाकतो तसा माणसाच्या अंगातला रोग सोलून काढायचे, म्हणून कातबाबा. शेजारी टेबलफॅन. साऱ्या जगाचा दाह बाबांच्या अंगी होता, शिवाय दुकानात एसी नव्हता.

एका म्हाताऱ्याच्या दंडावर त्यांनी बाटलीतलं घट्टसर पाणी फासलं, दंड पंख्यासमोर धरायला लावला आणि प्रवचन सुरू केलं. "रोग म्हणजे रुसलेला पाहुणा. त्याला हाकलू नका, त्याची समजूत काढा."

पाहुण्याची समजूत निघायला अर्धा तास लागला. मग बाबांनी नखाने टोक उचलून दंडावरून एक पारदर्शक पापुद्रा अलगद सोलला. म्हाताऱ्याच्या कातडीच्या रेघा न् रेघा त्यावर उमटल्या होत्या. पापुद्रा कोमट पाण्यात टाकून ढवळला, तर दिसेनासा झाला.

"गेला," बाबा म्हणाले.

पुढचा नंबर माझ्या आईचा होता.

मधुमेहाने आईच्या पायाचा अंगठा काळा पडला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "आत्ता अंगठा काढू. थांबलात तर पाऊल जाईल. आणखी थांबलात तर त्याच जातील." आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि घरी येऊन इन्सुलिन बंद केलं. माझी ताई तिला इथे घेऊन आली.

"ताई, पायाला वास येतोय."

"रोग बाहेर पडतोय म्हणून."

"असं कोण म्हणालं?"

"बाबा. तुझ्याकडे कापण्याशिवाय दुसरं काही आहे का? असेल तर सांग, आत्ता उठवते तिला."

मी आईला धरून बाबांपुढे बसवलं.

बाबांनी पाणी आईच्या पोटरीवर फासलं. मी विचारलं, "जखम तर अंगठ्याला आहे."

"मुळावर घाव घालायचा असतो, बाळ."

खरं कारण असं, की ओल्या जखमेवर ते वाळलंच नसतं. मला हे कळलं, कारण बाबा जे काम कृपेने करतात तेच मी पगारावर करतो. आमच्या कारखान्यात मक्याच्या स्टार्चपासून मातीत कुजणाऱ्या पिशव्या बनतात. नुसत्या स्टार्चचा पापुद्रा वाळला की चिखलासारखा तडकतो. म्हणून रसायनांनी त्याच्या रेणूंच्या साखळ्यांना नवे फाटे जोडायचे, जरा ग्लिसरीन घालायचं, काचेवर ओतायचं, वाळवायचं, सोलायचं. आमच्या पहिल्या पिशव्या पावसात विरघळल्या आणि गिऱ्हाइकं नुसत्या मुठी आवळून घरी पोचली. आम्ही त्याला चूक म्हणालो. बाबा त्याला मुक्ती म्हणत होते.

पोटरीवरची कात निघाली. आई कित्येक दिवसांनी हसली. मला रडायला आलं.

दुसऱ्या दिवशी आई पुन्हा तिथे जाऊन बसली. मी कारखान्याच्या प्रयोगशाळेतली स्टार्चची बाटली घेऊन गेलो, माझ्या जेवणाच्या डब्याच्या झाकणाला आतलं पाणी फासलं आणि झाकण बाबांच्याच पंख्यासमोर ठेवलं.

"हे काय?" बाबा.

"सांधेदुखी आहे झाकणाला. डब्यावर नीट बसत नाही."

लोक हसले. प्रवचन संपलं तेव्हा मी झाकणाची ओरखडे उमटलेली कात सोलून सगळ्यांना दाखवली आणि पाण्यात टाकली. ती विरघळली. मग आयोडिनचे थेंब आधी साध्या पाण्यात टाकले, पाणी तांबूस झालं. रोग विरघळलेल्या बाबांच्या भांड्यात टाकले, तर ते निळंकाळं झालं. "हा रोग नाही, स्टार्च आहे," मी म्हणालो. "दुधात भेसळ आहे का बघायला हेच करतात."

लोक भांड्यावर वाकले. मग एक बाई म्हणाल्या, "याच्याही हाताला गुण आहे."

"शिष्य आहे माझा," बाबा म्हणाले.

माझ्यापुढे रांग लागली. एकाने तर प्रेशर कुकरचं झाकण आणलं. मी हात जोडून सांगत होतो, बाबांनो, हा मका आहे. लोक मलाच हात जोडत होते. तिकडे आईचा अंगठा ओलांडून काळेपणा पावलावर चढत होता.

"ते झाकण दे इकडे," आई म्हणाली.

तिने झाकणावरून बोट फिरवलं. "हे ओरखडे कातेवर होते ना?"

"होते."

"मग इथे कसे?"

"कातेवर ठसा येतो, आई. ओरखडे जागचे हलत नाहीत."

तिने साडीचा काठ बाजूला करून पायाकडे पाहिलं. बाबा काहीतरी बोलत होते, तिने नुसता हात वर करून त्यांना थांबवलं.

"म्हणजे माझं सगळं इथेच आहे," ती म्हणाली. "अगं, गाडी बोलव."

ताईने बोलावली.

अंगठ्यावर भागणार होतं, तिथे घोट्यापासून पाऊल गेलं. आई राहिली. दुकानातली गर्दी अजून ओसरलेली नाही, म्हणून हे लिहिलं. तुमच्या अंगावरून कुणी काही सोलून दाखवलं, तर सोललेलं पाहू नका. जिथून सोललं ती जागा पाहा. आणि दवाखान्यात जा. अंगठ्यावर भागतंय तोवर जा.