खिडकीजवळचं मशीन

"गुडघ्यांचं राहू द्या हो, ते रोजचंच आहे. आधी सुनेचं ऐका," सासूबाई डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. "तीन आठवडे झाले, बाईसाहेबांच्या तोंडाला कुलूप. मी काही बोलले की भिंतीकडे बघावं तशी माझ्याकडे बघते."

सून बाहेर बाकावर बसली होती. दार सासूबाईंनी मुद्दाम उघडं ठेवलं होतं. ऐकू दे तिला. नऊ वर्षांचं उट्टं काढायला अशी संधी पुन्हा कधी मिळणार होती?

दोघी घरीच शिवणकाम करत. मशिनं दोन, खिडकी एक. उजेडातल्या मशीनवर कोण बसणार, यावरून रोज सकाळी ठिणगी पडायची. "माझे डोळे म्हातारे झालेत," सासूबाई म्हणायच्या. "माझ्या चुका शोधताना बरे तरुण होतात," सून म्हणायची आणि नाकावर टिच्चून तिथेच बसायची.

"काय काय करतात त्या?" डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ओढला.

कुणीतरी लिहून घेतंय म्हटल्यावर सासूबाईंना चेव आला. "करते कुठं? ताट तसंच टाकून उठते. केसांना चार-चार दिवस फणी नाही. रात्री डोळ्याला डोळा नाही, दिवसा सुई हातात धरून बसलेली. परवा गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. मी सदरा नाकासमोर धरला, तर म्हणते, माझं सगळं चुकतंच. अशानं माणसानं भांडायचं कुणाशी?"

"रोज असंच?"

"रोज. मी लक्ष ठेवून असते. वैऱ्यासारखं."

"आणि त्यांचे मिस्टर?"

"माझा मुलगा? तो म्हणतो, दमली असेल."

मग सासूबाईंनी हुकमाचं पान टाकलं. "शेवटी हरली. परवा म्हणाली, आई, खिडकीजवळ आता तुम्हीच बसा. मला नाही लागणार ती जागा."

लिहिणारा हात थांबला. "नाही लागणार, असं म्हणाल्या?"

"हो," सासूबाई म्हणाल्या, आणि स्वतःच्याच तोंडचे शब्द त्यांच्या कानाला गार लागले. दोन दिवस त्या खिडकीत बसल्या होत्या, आणि एक शिवण सरळ आली नव्हती. त्यांनी दोनदा सुई बदलून पाहिली होती.

"आजी, हा माज नाही. आळसही नाही. हा आजार आहे, नैराश्याचा. दोन आठवडे असं चाललं की माणसाला दवाखान्यात आणायचं. आणि असं काही बोललं, तर त्याच दिवशी."

"आणलं की मी."

"तुम्ही गुडघे घेऊन आलात."

सासूबाईंनी उठून आपली खुर्ची सुनेसाठी पुढे सरकवली.

डॉक्टरीणबाईंनी सुनेला आत बोलावलं, शेजारी बसवलं आणि सरळ विचारलं, "जगू नये असं वाटतं का?"

सुनेनं आधी सासूबाईंकडे पाहिलं. मग मान हलवली. हो.

मोठ्या दवाखान्यात आजच दाखवायचं ठरलं. "यांना एकटं सोडू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दारातूनच सासूबाईंनी मुलाला फोन लावला. "काम टाक आणि ये. दमलेली नाही तुझी बायको, आजारी आहे. शेजारी झोपतोस, आणि दिसलं कुणाला? तिच्या वैरिणीला."

मुलगा अजून वाटेत होता, आणि मोठ्या दवाखान्यात नंबर यायला वेळ होता. सून हळूच म्हणाली, "आई, तुम्ही जा घरी. खिडकीत अजून उजेड असेल. त्या सदऱ्याची बाही उसवायची राहिलीय."

सासूबाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं. गिऱ्हाईक पळून जाऊ नये म्हणून धरावं तसं.

"गप बस. नऊ वर्षं भांडून मिळवलेली जागा मला दान करतेस? मी भीक घेत नसते. तुझ्यावरचा माझा राग अजून काढून झालेला नाही, तो अर्धा टाकून तुला कुठंही जाता यायचं नाही. औषध घे. बरी हो. पहिल्यासारखं तोंड चालव. मग ती जागा मी तुझ्याकडून हिसकावून घेईन, बघच तू. तोवर त्या मशीनवर कुणी बसायचं नाही. मीसुद्धा."