घरी येऊन केस कापून मिळतील

वहिनीने सलूनमधली नोकरी सोडली, ते घरात कोणालाच फारसं रुचलं नाही. तिला सगळे वहिनीच म्हणायचे, अगदी सलूनमधल्या मुलीसुद्धा. सासूबाई पडल्या आणि अंथरुणाला खिळल्या, तेव्हा त्यांच्या केसांचा पार गुंता झाला होता. पण घरी यायला एकही सलूनवाला तयार होईना. शेवटी वहिनीनेच कामावरून आल्यावर तो हळूहळू सोडवला, केस आखूड कापले. सासूबाई गेल्या, आणि तिने ठरवलं, आपण आता हेच काम करायचं.

पत्रकावर तिने आडपडदा न ठेवता छापलं होतं: ‘अंथरुणावर असलेल्या माणसांचे केस घरी येऊन कापून मिळतील.’ खाली फोन नंबर.

वाटायला नणंद सोबत आली, तीही कुरकुरत. पहिल्याच दारात एका गृहस्थांनी पत्रक वाचलं आणि तोंड कडू केलं.

“आमच्याकडे कोणी अंथरुणावर नाही. सकाळी सकाळी काय हे अभद्र!”

दार धाडकन बंद. शेजारच्या बाईंनी विचारलं, केस रंगवता का? समोरच्या आजोबांनी पत्रकाची मागची बाजू कोरी आहे हे पाहून हिशेबाला म्हणून आणखी दोन मागून घेतली.

“वहिनी, मजकूर बदल ना,” नणंद जिन्यात म्हणाली. “नुसतं ‘घरपोच केशकर्तन’ छाप.”

“मग ज्यांना माझी गरज आहे त्यांना कळणार कसं?”

“पण लोक अंगावर येतात गं.”

“येऊ देत. अंगाला भोकं पडत नाहीत.”

पुढच्या इमारतीत एका बाईने पत्रक उभ्या उभ्या वाचलं, ‘नको’ म्हणाली आणि दार लावलं. दोघी वरच्या मजल्याकडे अर्धा जिना चढल्या असतील, तोच खालून दबक्या आवाजात हाक आली.

“अहो, थांबा! वडील आहेत आतल्या खोलीत. मीच एकदा कात्री चालवली, तर नंतर माझ्याशी बोलेनात.”

वहिनीने म्हाताऱ्यांच्या मानेखाली रबरी कापड सरकवलं, एका हाताने डोकं उचलून धरलं आणि केस ओले केले. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते.

“कानावरचे नीट घ्या,” ते अचानक म्हणाले. “हिने माझा मेंढा केला होता.”

लेक खुदकन हसली आणि डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली. वहिनीने घाई केली नाही. एक बाजू झाली की त्यांना अलगद कुशीवर वळवायची, दम खाऊ द्यायची, मग दुसरी बाजू. शेवटी त्यांनी आरसा मागितला. बराच वेळ पाहत राहिले.

“कोणी भेटायला आलं तर आत पाठव,” त्यांनी लेकीला हाक मारून सांगितलं. “सारखं झोपलेत म्हणून वाटेला लावू नकोस.”

बाहेर आल्यावर नणंद पायरीवर टेकली. “झालं ना आजच्यापुरतं? पाय बोलायला लागलेत माझे.”

“बस तू. वरचा मजला राहिलाय.”

वहिनी वर गेली. दार साखळीपुरतंच उघडलं. आतून कोणीतरी वैतागून विचारलं, “काय विकताय?”

“केस कापते,” वहिनी म्हणाली. “ज्यांना उठता येत नाही त्यांचे.”

दार पुन्हा लोटलं गेलं. मग साखळी निघाल्याचा आवाज आला.